तुमचं घर कसं बुडलं, भावजी?

परवा हॉलमधलं कपाट सरकवलं तेव्हा मागे पप्पांची रेघ परत दिसली. २००५ च्या पुरात आमच्या घरात जिथपर्यंत पाणी आलं होतं तिथे पप्पांनी खिळ्याने भिंतीत ओरखडा ओढून ठेवला होता, शेजारी साल. त्यावर दोनदा रंग बसला तरी बोट फिरवलं की लागते. गुडघ्याच्या जरा वर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शामरावनगरात पाणी चढायला लागलं तेव्हा मी त्या रेघेच्या भरवशावर घर सोडलं नाही. गाद्या माळ्यावर टाकल्या, फ्रिज टेबलावर चढवला, आईची पेटी पलंगावर ठेवली आणि आईला म्हणालो काही काळजी करू नको, फार तर फार इथपर्यंत येईल. सांगलीत त्या दिवसांत घरोघरी हेच चाललं होतं, प्रत्येकाच्या भिंतीवर नाहीतर डोक्यात २००५ ची रेघ होती. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांवर गेलेलं, २०१९ ला ५७. आमच्या घरात ते पप्पांच्या रेघेच्या चारेक फूट वर गेलं.

हे आज लिहायला बसलो कारण गेल्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कुठल्यातरी भूकंपाचा व्हिडिओ आला, पडलेल्या इमारती, धूळ, रडणारी माणसं, आणि खाली कोणीतरी बायबलमधलं वचन टाकलेलं, "पापाचे वेतन मरण आहे." त्याखाली सात आठ जणांचे आमेन. मी उत्तर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, परत खोडलं. ग्रुपवर दोन ओळीत मांडता येईल असं ते नाहीच, म्हणून इथे लिहितोय.

नागपंचमी झाली आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं. रात्री लाईट गेली, मग नुसता आवाज. पुराचा आवाज धो धो वगैरे नसतो, निदान आमच्याकडे नव्हता, हळूहळू बादली भरल्यासारखा तो येत राहतो आणि तुम्ही मोबाईलच्या उजेडात पायऱ्या मोजत बसता. दुसऱ्या दिवशी दुपारी तरुण पोरं बोट घेऊन आली आणि आईला खुर्चीसकट उचलून नेलं. मिरज उंचावर, तिथे बहिणीकडे आम्ही आठ नऊ दिवस काढले. परत आलो तो दिवस पक्का लक्षात आहे कारण त्या वर्षी राखी पौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले होते. दार उघडेना, लाकूड फुगलेलं. लाथ मारून उघडलं तर आत घोट्यापर्यंत गाळ, फ्रिज आडवा, आणि तो वास. कुजलेल्या धान्याचा, ड्रेनेजचा, कशाकशाचा. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही.

शेजारच्या वहिनींच्या चार म्हशी होत्या. रात्री पाणी गोठ्यात आलं तेव्हा दोन सोडता आल्या, उरलेल्या दोघींच्या दाव्याच्या गाठी भिजून अशा आवळल्या की सुटेनात, कोयता आणायला त्या घरात गेल्या तोपर्यंत पाणी छातीला आलं आणि दादांनी त्यांना ओढून गच्चीवर नेलं. गच्चीवरून त्यांनी म्हशींचं ओरडणं ऐकलं, आणि मग ते थांबलं तेही ऐकलं.

गाळ काढायच्या तिसऱ्या दिवशी वहिनी आमच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात चहाचा कागदी कप, आणि त्यांनी मला विचारलं, "भावजी, राग मानू नका. आमचं जाऊ द्या, आम्ही कधी देवळात जातो कधी जात नाही. पण मावशी तर रोज पहाटे उठून प्रार्थना करत्यात. मग तुमचं घर कसं बुडलं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सण्डे स्कूलमध्ये आठ वर्षं शिकवलंय, पण मला एक अक्षर बोलता आलं नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मिरजेला एका घरी कॉटेज मिटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, होती. बाहेरून एक वक्ते आलेले, नाव लिहीत नाही. त्यांनी नोहाच्या जलप्रलयावरून सुरुवात केली आणि गाडी सरळ सांगलीवर आणली, की हा देवाचा हात आहे, या शहराची पापं वरपर्यंत पोचलीत. समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या नखात अजून गाळ होता. त्याच महिन्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटलेली, त्यात बाया होत्या, लहान लेकरं होती, जीव वाचवायला निघालेली माणसं ती. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं की हा माणूस त्या लेकरांच्या आयांसमोर उभा राहून हे म्हणेल का? आणि तिथे म्हणता येत नसेल तर मग इथे पंख्याखाली बसून तरी का म्हणायचं?

असं बोलणारे सगळ्या धर्मांत आहेत, आणि फार मोठ्या मोठ्यांकडूनही हे झालंय. १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथांनी जाहीरपणे त्याला विरोध केला. गांधीजींचा हेतू चांगलाच होता, अस्पृश्यता हे पापच आहे, पण भिंतीखाली गाडले गेले त्यात ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसंही होतीच की. त्याच्याआधी १७५५ मध्ये पोर्तुगालात लिस्बनला भूकंप झाला तो १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये उपासनेला जमलेले असताना. छपरं त्यांच्यावरच कोसळली. आता तिथे कुठला हिशोब लावायचा?

मिटिंगहून घरी येऊन मी बायबलमधला लूकचा १३ वा अध्याय काढला. इतक्या वेळा वाचलेला आहे पण पोटात गाळाचा वास असताना कधी वाचला नव्हता. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. यरुशलेममधली ताजी बातमी, जशी आपल्याकडे बोटीची होती. येशू स्वतःहून तो विषय काढतो आणि विचारतो की ती अठरा माणसं यरुशलेममधल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही स्वतःच देतो, नाही. सरळ नाही. पुढे तो म्हणतो की पश्चात्ताप केला नाही तर तुम्ही सगळे तसेच नाश पावाल, आणि आमचे वक्ते नेमकं तेच वाक्य धरून बसतात. ते वाक्य मी टाळत नाहीये, ते आहेच आणि जड आहे. पण ते कोणाला उद्देशून आहे बघा ना. बुरुजाखाली गेलेल्यांना नाही, तर बाजूला उभं राहून त्यांच्या पापाचा अंदाज बांधणाऱ्यांना. त्या मेलेल्या अठरा जणांबद्दल तो एकच शब्द बोलतो, नाही. मग पुढचे शब्द आपण कुठून आणतो?

योहानाच्या ९ व्या अध्यायात पण तेच. जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्यांचा पहिला प्रश्न काय, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं. त्याला पाणी विचारलं नाही, हात धरला नाही, आधी पाप कोणाचं. येशू म्हणतो याचंही नाही, आईबापाचंही नाही.

आमचे पप्पा जत तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात सतरा अठरा वर्षांचे असतील, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, मिलोच्या भाकरीची चव ते मरेपर्यंत विसरले नाहीत. पावसासाठी प्रार्थना करताना त्यांच्या वाडीतल्या आठ ख्रिस्ती घरांनी उपास केले होते असं सांगायचे. पाऊस आला नाही. पप्पांनी नंतर कोणालाही "तुमचा विश्वास कमी पडला" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि २०१९ लाच बघा, एकाच जिल्ह्यात, सांगली, पलूस, वाळवा पाण्याखाली आणि जत, आटपाडीकडे टँकर आणि जनावरं छावणीत. बहिणीच्या घरी टीव्हीवर आमची गल्ली दाखवत होते आणि त्याच वेळी जतहून चुलत्यांचा फोन, की तुमच्याकडचं पाणी थोडं इकडे पाठवता आलं असतं तर. दोन्हीकडे विश्वासणारे होते, दोन्हीकडे न विश्वासणारे होते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. लहानपणी मला ते वाक्य फार गोड वाटायचं. आता जतचा फोन आठवतो आणि गल्लीतलं पाणी आठवतं आणि ते वाक्य कळायला अवघड जातं.

देवाच्या माथी मारण्याआधी आपल्या पदरातलं पण मोजायला पाहिजे. नवजा, महाबळेश्वर, कोयना भागात त्या वर्षी पाऊस तुफान झाला हे खरं, कोयना धरण साधारण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट), ते भरत आलं की पाणी सोडावंच लागतं. वारणा येऊन हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे सांगलीच्या अगदी पायाशी, तिलाही तेव्हाच पूर, आणि पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. तीन भरलेल्या नद्या एकमेकींना तटवतात. पण आमचा शामरावनगरचा भाग मुळात सखल, काळ्या मातीचा, पाणी निचरायला जे ओढे नाले होते ते आपण बुजवले आणि त्यावर प्लॉट पाडले. आमच्या घरासकट. पप्पांनी प्लॉट घेतला तेव्हा स्वस्त होता, का स्वस्त होता हे कोणी विचारलं नाही. तो निर्णय आमचा होता, नदीचा नाही आणि देवाचा पण नाही.

आणि नदीचं तरी काय. ही काळी कसदार जमीन, ज्यावर आपला ऊस आहे, हळद आहे, द्राक्षं आहेत, ती कृष्णेनेच हजारो वर्षं असाच गाळ आणून टाकून केलेली आहे ना. ज्या गाळाने माझा फ्रिज भरला त्याच गाळाने माझ्या आज्याचं पोट भरलं. देवाने जिवंत नदी दिली. तिने कधीच काठ सोडू नये अशी मागणी केली तर ती नदी राहणार नाही, पाटाचं पाणी होईल. हे मला पटतं. पण खरं सांगतो, हे वहिनींना त्या पायरीवर सांगता आलं नसतं, आणि ब्रह्मनाळच्या कुठल्या आईला तर अजिबातच नाही. समजावण्याची एक हद्द असते, त्यापुढे शहाणपण पण क्रूर वाटायला लागतं.

पाटण तालुक्यात हे जास्त जाणवलं. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला रात्री दरडी कोसळल्या, घरंच्या घरं मातीत गेली. आमच्या तरुण संघाने तांदूळ, ब्लँकेट, भांडी गोळा करून टेम्पो नेला, रस्ता होता तिथपर्यंत. एका शाळेत लोकांना ठेवलेलं. एक म्हातारे बाबा भिंतीला टेकून बसलेले, घरातलं कोणीच उरलं नव्हतं. ते मला म्हणाले, "भूकंपात वाचलो मी, सदुसष्टच्या. कशाला वाचलो?" ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, पहाटेचा, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्यात. आई तेव्हा मिरजेत होती, तेरा वर्षांची, मांडणीवरची भांडी वाजलेली तिला आठवतात. धरणात साठवलेल्या पाण्याचा त्या भूकंपाशी संबंध आहे असं शास्त्रज्ञ सांगतात, जगभर त्याचा अभ्यास होतो. बाबांना यातलं काय सांगणार? मी बायबल घेऊन गेलो होतो बॅगेत, वाटलं होतं एखादं स्तोत्र वाचू. नाही काढलं. बाजूला बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे तंबाखू मागितली, माझ्याकडे नव्हती, टेम्पोच्या ड्रायव्हरकडून आणून दिली.

बायबलमधला ईयोब, ज्याची लेकरंबाळं, गुरंढोरं सगळं गेलं, त्याचे मित्र म्हटलं की आपण त्यांना नावं ठेवतो, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती. ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. आठव्या दिवसानंतर ते बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. तुझंच काहीतरी चुकलं असणार, कितीतरी अध्याय तेच. आणि शेवटी देव कोणावर चिडतो? देवाशी भांडणाऱ्या, त्याला कोर्टात खेचू बघणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. तो म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हे मला किती उशिरा कळलं. मी लहानपणापासून समजत होतो की देवाला का म्हणून विचारणं म्हणजे अविश्वास. पण आपलं शास्त्र का ने भरलेलं आहे, विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक आहे, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी साधी एक आशेची ओळ पण नाही. वादळात शिष्य येशूला हलवून उठवतात आणि म्हणतात आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? तो त्यांना बोटीतून उतरवत नाही. आणि वधस्तंभावर तो स्वतःच ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ख्रिस्ती असण्यात मला धरायला काही असेल तर हे आहे. का हा प्रश्न देवाच्या पुत्राने स्वतः विचारलाय, आणि त्या दुपारी त्यालाही उत्तर मिळालं नाही. रविवारी सकाळी थडगं रिकामं मिळालं. ते मी मनापासून मानतो, माझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. पण उठल्यावर पण त्याच्या हातावर खिळ्यांचे वण तसेच होते, ते त्याने पुसून टाकले नाहीत, उलट शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला दाखवले.

पंडिता रमाबाईंचं मला नेहमी वाटतं. तरुणपणी त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. त्या दुष्काळ का आला याचं स्पष्टीकरण देत बसल्या नाहीत. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला आणल्या, शेकड्यांनी. भूक म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. आणि त्याच बाईंनी पुढे अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं.

आता आईच्या पेटीचं. पुरात सगळं गेलं पण बायबल कोरडं राहिलं, अशा साक्षी आपण ऐकतो, त्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. आमचं नाही राहिलं. आजीपासून चालत आलेलं शास्त्र, पहिल्या कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू शाईने लिहिलेले. पेटी उघडली तेव्हा ते फुगून पावासारखं झालेलं आणि ती नावं सगळी निळं पाणी होऊन एकमेकांत मिसळलेली. पप्पांचं पण. आई तेव्हा पहिल्यांदा रडली, घर बघून रडली नव्हती. तिने एक एक पान सुटं करून दोरीवर चिमट्याने लावायचा प्रयत्न केला, मग इस्त्री फिरवून बघितली, पानं तुकड्या तुकड्यांनी हातात आली. मी म्हणालो नवीन आणू. ती म्हणाली नवीन आणशील रे, पण नावं?

तेव्हा वहिनी खराटा घेऊन आल्या. स्वतःचं घर अर्धं टाकून. दोघींनी मिळून हॉल धुतला, जंतुनाशक टीसीएल पावडर मारली, आणि वहिनींनीच त्यांच्या मुलीची एक कोरी वही आणून दिली, भिजली नव्हती कारण ती गच्चीवर नेलेल्या दप्तरात होती. आईने आठवून आठवून नावं परत लिहिली. आजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख काही आठवली नाही, ती जागा तिने तशीच मोकळी ठेवलीय.

मध्ये एका जुलैत पाणी परत पस्तीस फुटांच्या पुढे गेलं. गल्लीतले सगळे मोबाईलवर आयर्विन पुलाची लेव्हल बघत होते, ह्या वेळी रेघेवर कोणी विसंबलं नाही, सामान वर, गाड्या मिरजेला. संध्याकाळी वहिनी दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, "मावशी, प्रार्थनेला बसाल तेव्हा आमचं पण नाव घ्या." आई म्हणाली आत ये, आत्ताच बसू. तिने डोळे मिटून गल्लीतल्या एक एक घराचं नाव घेतलं, पवारांचं, मुल्लांचं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं, आणि सगळ्यात शेवटी वहिनींच्या म्हशींचं, चांदी आणि रखमा. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे न उघडता सांगितलं की योनाचं पुस्तक कुठे संपतं आठव, देव विचारतो निनवेतल्या एवढ्या माणसांची मी कीव करू नये का, आणि इतक्या गुराढोरांची?

"मावशी, रेडकू राहिलं," वहिनी हळूच म्हणाल्या. "परवाच झालंय."

"काय नाव ठेवलंस?"

"अजून ठेवलं नाही."

आईने बरं म्हटलं आणि परत हात जोडले.